एक जूनचा वाढदिवस

अमेरिकेत, कॅरीमध्ये एप्रिल आला की पाइनच्या झाडांचं पिवळं पीठ पडायला लागतं. गाड्यांवर, पायऱ्यांवर, टपालपेटीवर, दाराबाहेर काढलेल्या चपलांवर. इथले लोक त्याला पोलन म्हणतात आणि शिंकत बसतात. मी वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आहे. मला ते हरभऱ्याच्या डाळीचं पीठच दिसतं, तेही फार बारीक दळलेलं, भज्यांना न चालणारं. रोज सकाळी मी ओल्या फडक्याने बाहेरचा कठडा पुसते आणि दुपारपर्यंत तो परत पिवळा होतो. माझी सून मीनल म्हणते, "आई, राहू द्या हो, पाऊस पडला की जाईल आपोआप." तरी मी पुसते. इथे मला दुसरं काम नाही.

हे पीठ पडायला लागलं की या वसाहतीत पाकिटं येऊ लागतात. बारावीच्या मुलांची. कोणत्या कॉलेजाने घेतलं आणि कोणत्याने नाही. जाड पाकीट आलं तर घेतलं, कारण त्यात भरायचे फॉर्म असतात. पातळ आलं तर नाही, कारण नाही म्हणायला एक कागद पुरतो. हल्ली आधी कॉम्प्युटरवर कळतं म्हणे, तरी पोरं टपालवाल्याची वाट बघतातच. समोरच्या शैलाची मुलगी निशा यंदा बारावीला आहे. परवा ती टपालपेटीपाशीच किंचाळली आणि अनवाणी नाचली, त्या पिवळ्या धुळीत. तळपाय पिवळे घेऊन आमच्या घरात शिरली. "आजी, आय गॉट इन! आय गॉट इन!" मागून शैला धापा टाकत आली. "काकू, तिला हवं होतं तेच मिळालं बघा." मी दोघींच्या हातावर साखर ठेवली. मीनल "अरे वा, मस्त" म्हणाली आणि आत जाऊन तिने कपड्यांचं मशीन लावलं. त्या गेल्यावर मी मशीन पाहिलं. आत कपडे नव्हते. नुसतं पाणी फिरत होतं.

माझी नात सारिका दोन वर्षांपूर्वी याच शाळेत बारावीला होती. तिचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच दुसऱ्या कोणाला बोल लावू नये. नावं मी बदलली आहेत आणि आमच्या गावाचं नाव सांगणार नाही. का ते पुढे कळेल.

सारिका लहान असताना माझा मुलगा दिलीप आणि मीनल पुण्यात एका खोलीत राहायचे, दोघंही नोकरीला. पोर माझ्याकडे गावी. माझा नवरा गेलेला, गिरणी माझ्या अंगावर. गिरणीला एक रुंद पट्टा असतो, मोटरपासून जात्यापर्यंत फिरणारा. त्याच्यापासून हातभर अंतरावर ही पोर पिठात बोटाने रेघा ओढत बसायची. मी तिला पोत्यावर बसवायची, ती उतरायची. दोरीने खांबाला बांधलं, तर गाठ सोडवायला शिकली. एके दिवशी फ्रॉकचं टोक पट्ट्यात गेलं. कापड जुनं होतं म्हणून फाटलं आणि पोर राहिली. नवीन असतं तर मी आज काय लिहीत असते ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला शाळेत घेऊन गेले. साडेचार वर्षांची होती. गुरुजींनी विचारलं, "कितवं?"

"सहा झाली."

"झाली? दिसत नाही."

"खाण्याची आबाळ आहे," मी म्हटलं.

तेव्हा वय बघायची एक रीत होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला तर पोर पहिलीत. सारिकाचा हात पोचेना. मी मागे उभी होते. मी तिची मान जरा वाकवली. गुरुजींनी ते पाहिलं आणि हसले. "बरं, लागला कान. जन्मतारीख?"

"तुम्हीच लिहा."

"एक जून टाकतो. शाळा जूनला भरते, सोपं पडतं."

वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच होती. त्या गावात बाकीचे अकरा महिने कोणी जन्माला येतच नसावं. माझी स्वतःची चौथीच्या दाखल्यावरची तारीखही एक जून आहे. त्यात कोणाला काही वाटत नसे. मलाही पाप वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटत नाही. पोर पट्ट्यापासून लांब गेली. पाटीवर रेघा ओढायला लागली. तिचा खरा जन्म डिसेंबरातला, मार्गशीर्षातला, घरात झालेला. दाईने नाळ कापली, मी गूळ वाटला. नोंद करायला कचेरीत कोणी गेलं नाही. माझ्या एका वाक्याने ती दीड वर्षाने मोठी झाली, एवढंच.

पुढे दिलीपने कॉम्प्युटरचं काही शिकून घेतलं आणि तो अमेरिकेला आला. मग मीनल आली. सारिका दहावी होईपर्यंत माझ्याकडेच राहिली. पासपोर्ट काढायला जन्माचा पुरावा लागतो, तर शाळेचा दाखला चालला. एक जून. ती तारीख दाखल्यावरून पासपोर्टवर गेली, पासपोर्टवरून व्हिसावर, तिथून सगळीकडे. मला ते कळलंही नाही. मी गिरणीत होते.

इथे आल्यावर शाळेने दहावी पास झालेल्या, अकरावीत बसलेल्या मुलीला नववीत बसवलं. भाषेसाठी. "आजी, इथली पोरं मला विचारतात, किती वेळा नापास झालीस," ती फोनवर म्हणायची. रडत नव्हती, चिडलेली असायची. दोन वर्षांत ती त्यांच्यासारखं बोलायला लागली. माझ्याशी मात्र मराठीत, तेही आमच्या गावचं, गिरणीतलं.

ती बारावीला गेली त्या वर्षी मी पहिल्यांदा इथे आले. ऑक्टोबर होता. जेवणाच्या टेबलावर कॉलेजांच्या पुस्तिकांचा ढीग. रोज टपालाने चार तरी यायच्या, गुळगुळीत कागदाच्या. प्रत्येकीत लाल झाडं आणि गवतावर बसून हसणारी मुलं. कोणत्याही पुस्तिकेत कोणी अभ्यास करताना दिसलं नाही. सारिका त्यांतली पानं फाडून भिंतीवर चिकटवायची. तिला फार्मसी करायची होती. फ्रिजच्या दारावर अवघड इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. दूध काढताना एक शब्द, ठेवताना एक. सकाळी अंधारातच पिवळी बस यायची, आणि त्या आधी ती उभ्याने पोळी खात मला विचारायची, "आजी, तुझी चौथी झाली तेव्हा पुढे काय करायचं ठरवलं होतंस?"

"पुढे काय? चूल."

"कोणी विचारलं नाही तुला?"

"कोण विचारणार? आणि विचारून काय सांगितलं असतं?"

तिला शाळेत सारखं हेच विचारायचे. दहा वर्षांनी तू कुठे असशील. एक बाई खास त्यासाठीच नेमलेली होती. एवढा प्रश्न एवढ्या लहान पोरांना विचारायचा आणि वर उत्तर खरं होईल असं त्यांना वाटू द्यायचं, हे मला तेव्हाही बरं वाटलं नाही.

नोव्हेंबरात दिलीपच्या वकिलाचा फोन आला. दिलीपने फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला, त्या पुस्तिकांच्या मधोमध. मला इंग्रजी कळत नाही, पण मीनलच्या हातातला चमचा थांबला ते मला दिसलं. मग दिलीपने सांगितलं. त्याने इथे कायम राहण्यासाठी अर्ज केलेला आहे. त्यात बायको येते, मूल येतं. पण मूल म्हणजे एकवीस पूर्ण व्हायच्या आतलं. एकवीस झालं की ते मूल राहत नाही, बापाच्या कागदातून बाहेर पडतं. अर्जांची मोठी रांग आहे. दर महिन्याला सरकार एक तारीख सांगतं, की या तारखेच्या आधी ज्यांनी अर्ज केला त्यांनी पुढे या. त्या हिवाळ्यात ती तारीख पुढे सरकायच्या ऐवजी काही वर्षं मागे गेली. रांग मागे जाताना मी रेशनच्या दुकानातही पाहिली नव्हती.

"सारिकाला एकवीस कधी?" मी विचारलं.

"जूनला, आई. एक जूनला."

"अरे पण ती तर आत्ता डिसेंबरात एकोणीस पुरी करेल."

सारिका जिन्यावर बसली होती. ती म्हणाली, "आजी, ते आपल्याला माहितीये. कागदाला माहिती नाही."

मी म्हटलं, मग मी सांगते. मला त्या कचेरीत न्या. मी खोटं बोलले म्हणून सांगते, अंगठा लावते, सही करते, देवाची शपथ घेते. मला काय करायचं ते करा. दिलीपने ते वकिलाला इंग्रजीत सांगितलं. मग वकील हळू आवाजात बोलला आणि दिलीपचा चेहरा उतरला. पासपोर्टवरची तारीख खोटी आहे असं आपणच म्हटलं, तर आजवरचे सगळे अर्ज खोट्या तारखेवर केले असं होईल. एकट्या सारिकाचे नाहीत, घराचे. गावच्या शाळेत शोध घेतला, तर शाळा सोडल्यानंतर तारीख बदलता येत नाही म्हणाले. गुरुजी कधीच वारले होते. दाईही. ती तारीख खोटी आहे हे सांगणारी मी एकटी उरले होते, आणि मला गप्प बसायला सांगितलं.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे. गिऱ्हाइकाला सांगितलंय की जातं नुकतंच टाकी लावून, खाचा पाडून आणलंय. पण खरं बोलायची अशी बंदी मला कोणी घातली नव्हती.

डिसेंबरात तिचा खरा वाढदिवस आला. आम्ही पहिल्यापासून दोन करतो, जूनमधला शाळेसाठी, मार्गशीर्षातला घरासाठी. मी ओवाळलं, कणकेचे दिवे केले. ती पाटावर बसून म्हणाली, "आजी, आज मी एकोणीस की वीस?"

"लाडू खा," मी म्हटलं.

त्याच सुमारास तो निबंध झाला. कॉलेजच्या अर्जाला एक निबंध जोडावा लागतो, स्वतःबद्दलचा. सारिकाने लिहिलं की माझे दोन वाढदिवस आहेत. हात डोक्यावरून कानाला कसा लावायचा, मान कोणी वाकवली, वर्गातली निम्मी पोरं एका दिवशी कशी जन्मली. तिने मला मराठीत सांगितलं तेव्हा मी हसले. चांगलाच होता. दिलीपला दाखवला तर तो पांढरा पडला.

"डिलीट कर."

"बाबा, टीचर म्हणाल्या बेस्ट आहे. शी लव्ह्ड इट."

"टीचरला दाखवलास? अजून कोणाला? किती जणांना दाखवलास सारिका?"

"कोणाला नाही! एकच टीचर! इट्स जस्ट अ निबंध, बाबा."

दिलीपने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशीही उगारला नाही. पण त्याने स्वतःच तो निबंध पुसला आणि आठवडाभर फोन वाजला की दचकायचा. सारिकाने मग गिरणीवर लिहिलं. मी कशी दळायची, पीठ हाताला कसं गरम लागतं. "बोअर आहे," ती म्हणाली. "पण यात तू खोटं बोलत नाहीस." तेवढं म्हणून वर गेली.

महिन्याच्या मध्याला ती रांगेची तारीख जाहीर होते. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, दिलीप ऑफिसला जायच्या आधी कॉम्प्युटरपुढे बसायचा, कोट घालून. मीनल चहा घेऊन मागे उभी. तो खुर्ची मागे ढकलायचा, त्या आवाजावरूनच कळायचं. एकदा रांग तीन आठवडे पुढे सरकली. मीनलने शिरा केला. पुढच्या महिन्यात ती हलली नाही. आमच्यापुढे अजून वर्षं होती.

आणि घराबाहेर काही सांगायची सोय नाही. संक्रांतीचा कार्यक्रम इथे कोणाच्या तरी सुट्टीप्रमाणे फेब्रुवारीत झाला, शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये, ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये गुळाच्या पोळ्या. ज्याच्या घरी बारावीचं पोर त्याच्याभोवती घोळका. कुठे कुठे अप्लाय केलं? सेफ्टी, म्हणजे हमखास घेणारं कॉलेज, कुठलं ठेवलं? डॉर्ममध्ये राहणार की घरून? तिळगूळ राहिला बाजूला. शैला म्हणाली, "सारिकाचं काय टेन्शन, किती हुशार आहे. दिलीप भावजी, तुम्ही पण ना, एकदम गप्प! सरप्राइज देणार वाटतं!" दिलीप हसला. सारिकाही हसली. ती सगळ्यांना सांगत होती, फार्मसी, हो काकू, इथेच जवळ, हो, घरून ड्राइव्ह करीन. इतकं सरळ सांगत होती की मलाच क्षणभर खरं वाटलं. तेव्हा मला कळलं की ती माझ्याकडे वाढली आहे.

एप्रिलमध्ये पाकीट आलं. जाड. ती निशासारखी किंचाळली नाही. चपला बाहेर झटकल्या, आत आली, पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आलं." हात धुऊन जेवायला बसली. पाकीट मीनलने फोडलं. आतून घडी घातलेला कागदी झेंडा निघाला, भिंतीवर लावायचा. तो कोणी लावला नाही आणि कोणाला टाकवलाही नाही. अजून त्या खोलीतल्या खणात आहे. मी तिथेच झोपते.

एक वाट उरली होती. विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा मागायचा. वकिलाने अर्ज घातला. त्यात लिहून द्यावं लागतं की शिकून झालं की मी परत जाईन. आणि त्याच सरकारकडे बापाच्या अर्जात तिचं नाव होतं, की हिला इथे कायम राहू द्या. मी विचारलं, "हे दोन कागद एकाच माणसासमोर गेले तर?" दिलीप म्हणाला, "आई, तू नको गं विचार करूस." म्हणजे त्यानेही तोच विचार केला होता.

एक जूनला शाळा होती. दुपारी तिच्या मैत्रिणी आल्या, निशा तेव्हा दहावीत होती, तीही. निशाने स्वतः केक केला होता, एका बाजूला कललेला, वर दोन आणि एक असे आकडे. इथे एकविसावं म्हणजे फार मोठं. त्या वयापासून उघड दारू पिता येते. पोरी ओरडत होत्या, "ट्वेंटी-वन! सो लकी!" एकीने तिला कागदाचा मुकुट घातला. एकवीस झालेली त्यांच्यात ती एकटीच, बाकी सगळ्या अठराच्या किंवा त्याहून लहान. त्यांना हेवा वाटत होता. सारिकाने मेणबत्त्या विझवल्या, सगळ्यांना केक कापून दिला, मला आणून दिला. "आजी, अंडं आहे त्यात, नको खाऊस." मी खाल्ला. त्या दिवशी दुपारी, केक खाता खाता, माझी नात बापाच्या कागदातून बाहेर पडली. काही आवाज झाला नाही. पोलीस आला नाही. टेबलावर क्रीमचे डाग पडले ते मी पुसले.

त्यानंतर नवव्या दिवशी पदवीचा समारंभ. निळे झगे, चौकोनी टोप्या. मोठा हॉल, आत इतका गारठा की मी शाल घेतली. एकेकाचं नाव पुकारायचे आणि घरचे लोक शिट्ट्या मारायचे. सारिकाचं नाव बरोबर पुकारलं, आडनावाचा चुराडा केला. मीनलने टाळ्या वाजवल्या. दिलीप फोटो काढत होता, ते फोटो सगळे पुसट आले आहेत. शेवटी पोरांनी टोप्या वर उडवल्या. सारिकाने उडवली नाही. टोपी परत करायची असते असं वाटलं, म्हणाली.

मला वाटतं तिला ठाऊक होतं.

जुलैत त्या विद्यार्थी व्हिसाचं पत्र आलं. पातळ. ऑगस्टमध्ये आम्ही दोघी एकाच विमानाने परत आलो. तिच्या दोन बॅगा, माझी एक. विमानतळावर पासपोर्टमधली एक पांढरी चिठ्ठी काढून घेतात, तुम्ही गेलात याची खूण म्हणून. बाईने आधी माझी काढली, मग तिची. सारिका तिला "थँक यू" म्हणाली. आईबापांकडे तिने मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. मीनल खाली बसली होती, फरशीवर.

आणि पुढच्या वर्षी जुलैत सगळीच रांग एकदम खुली झाली. कोणाचीही तारीख असो, सगळ्यांनी या म्हणाले. वर्षानुवर्षं अडलेले लोक कागद घेऊन धावले. दिलीपचा गावी फोन आला तेव्हा सारिकानेच उचलला. "काँग्रॅट्स बाबा," ती म्हणाली. "आईला दे." मग त्या दोघी पुष्कळ वेळ बोलल्या, मीनल काय बोलली मला माहीत नाही. सारिका फक्त "हो" म्हणत होती. फोन ठेवून ती माझ्याजवळ आली. मी गहू निवडत होते.

"आजी, मी आज खरी किती वर्षांची आहे गं?"

मी बोटांवर मोजलं. मोजायची गरज नव्हती. वीस. साडेवीस. खऱ्या तारखेने ती अजून मूल होती आणि त्या महिन्यात आईबापांबरोबर रांगेत उभी राहू शकली असती. मी सांगितलं, "वीस." ती म्हणाली, "हं," आणि बसून गहू निवडायला लागली.

पुण्यात कॉलेजांनी तिला घेतलं नाही. अमेरिकेची बारावी म्हणजे आमची बारावी कशावरून, दाखला आणा. दाखला यायला वर्ष गेलं. फार्मसीची परीक्षा वेगळी, ती दिलेली नाही. आता ती तिथेच हॉस्टेलवर राहून कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आहे, कागदावर बावीस वर्षांची, सतरा-अठराच्या पोरींबरोबर. पुन्हा तोच प्रश्न, किती वेळा नापास. कॉलेज सुटलं की एका कॉल सेंटरमध्ये जाते. अमेरिकेतल्या लोकांची मशीनं बिघडली की त्यांचे फोन घेते. तिथे तिचा आवाज फार चालतो. एकदा कॅरीचाच माणूस लागला. त्याने विचारलं, तू कुठून बोलतेस? तिने आमच्या घराजवळच्या मोठ्या रस्त्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, अरे, मी रोज तिथून जातो, आज काय ट्रॅफिक आहे. ती म्हणाली, हो, फार आहे.

या जानेवारीत आम्ही दोघी मुंबईला व्हिसाच्या खिडकीसमोर उभ्या राहिलो. नुसत्या भेटीसाठी, दोन महिने, आईबापांना बघायला. मला विचारलं, मुलगा काय करतो, गावी काय आहे. मी म्हटलं गिरणी आहे. मला शिक्का मिळाला. सारिकाला जन्मतारीख विचारली. तिने एक जून सांगितली, डोळ्याची पापणी न हलवता. त्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ पाहिलं. मग एक छापील कागद खिडकीतून सरकवला. तू परत येशील याची खात्री वाटत नाही. ती इंग्रजीत काही बोलली, त्यांच्यासारखंच. तो माणूस दचकून वर बघायला लागला, पण कागद कागदच राहिला.

बाहेर मी म्हटलं, मी जात नाही. माझं तिथे काय अडलंय?

"जा तू," ती म्हणाली. "कोणीतरी आईला भेटायला पाहिजे."

म्हणून मी इथे आहे. खोटं बोलणारी मी, मला ये-जा करायला मोकळीक. जिची मान वाकवली ती तिकडे. यात कोणी न्याय शोधू नये. मी शोधला, नाही सापडला. दिलीप-मीनलचे कागद अजून व्हायचेत, होतील. मग त्यांनी मुलीसाठी अर्ज करायचा आणि मग नवी रांग, ती किती वर्षांची हे दिलीप मला सांगत नाही. मी तोवर नसेन. तोवर सारिकाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

निशाचं पाकीट आल्याचं मी रविवारी फोनवर सारिकाला सांगणार नव्हते. निशाने आधीच कळवलं होतं. "तिला सांग, सुटीच्या दिवशीही पार्किंग मिळत नाही तिथे," सारिका म्हणाली. "मी त्या कॉलेजाची पुस्तिका सगळी वाचली होती." मग काही वेळ आम्ही तिकडची भाजी, इकडची भाजी असं बोललो. बोलता बोलता मी ते विचारलं. दोन वर्षं विचारलं नव्हतं.

"सारिके, माझा राग येतो का गं तुला?"

तिच्या मागे कोणाची तरी बादली वाजली, हॉस्टेलच्या नळावर.

"असं विचारू नकोस आजी," ती म्हणाली. "विचारलंस की मला नाही म्हणावं लागतं. आणि मला आता खोटं बोलायचा कंटाळा आलाय."

मी परत विचारलं नाही.